हाळीची टेकडी

ही समोर दिसते ती. चढायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण जरा या कवठाखाली बसू, ऊन उतरू द्या. आमच्या कवठेझरीच्या भोवती जेवढे म्हणून उंचवटे आहेत, त्या प्रत्येकावर काहीतरी आहे. तिकडं म्हसोबा आहे, पलीकडं पिराचं हिरवं निशाण, आणि त्या लांबच्या डोंगरावर आता मोबाइलचा टॉवर. ही एकच बोडकी राहिली. वर साधा शेंदूर फासलेला दगडसुद्धा नाही. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, तसं तुम्हीही विचारलंत.

हिला हाळीची टेकडी म्हणतात. हाळी म्हणजे लांबच्याला घातलेली हाक. मी या गावात चौतीस वर्षं टपाल वाटलं, घरन् घर मला माहीत आहे. तरी ही गोष्ट मला कोणा एका माणसानं अशी बसून सांगितलेली नाही. पत्र द्यायला गेलो की कोणी ओट्यावर पाणी देता देता एक तुकडा सांगायचं, दुसरा तुकडा दुसऱ्या आळीत मिळायचा. काही ठिकाणी दोन माणसांचं पटत नाही. मी जशी जुळवली तशी सांगतो.

इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. साल कोणी सांगत नाही. दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल, आणि गावात उंदीर पडायला लागले. आधी कणगीखाली, मग चुलीपाशी, मग भर रस्त्यात. त्यानंतर चार-पाच दिवसांनी माणसं पडू लागली. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, ताप चढायचा, आणि तीन दिवसांत माणूस जायचा. पहिल्या आठ दिवसांत बावीस माणसं गेली म्हणे. शेवटी शेवटी खांदा द्यायला चौघं मिळेनात.

तेव्हा हैबती पाटील म्हणून गावचे पाटील होते. त्यांनी दवंडी पिटवली की गाव सोडायचं आणि सगळ्यांनी या माळावर यायचं. आता तुम्हाला इथं ऊस दिसतो, तेव्हा नुसतं कुसळ होतं. टेकडीच्या भोवतीनं, एकमेकींपासून शंभर-शंभर पावलं सोडून, एक्केचाळीस झोपड्या पडल्या. कोणी कडब्याची घातली, कोणी कापसाच्या पळाट्यांची. नेम ठरले. कोणी कोणाच्या झोपडीत जायचं नाही. विहिरीवर पाळीपाळीनं जायचं. लग्न, बारसं, तेरावं, काही म्हणजे काही करायचं नाही.

नेम बरोबरच होते. पण त्यांच्यामुळे असं झालं की शंभर पावलांवरच्या घरात काय चाललंय ते शेजाऱ्याला कळेना. ताप रात्रीतून चढायचा. सगळं घर एकदम आडवं झालं तर घोटभर पाणी द्यायला कोणी नाही. माळावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा-म्हातारी अशी गेली. गाठीनं गेली की तहानेनं, कोणाला सांगता येईना.

तेव्हा भिवराबाई पुढं आली.

भिवरा धनगराची. चाळिशीच्या आसपासची बाई. नवरा सुबाना आणि हाताशी आलेला मुलगा बिरू, दोघेही त्या पहिल्या आठ दिवसांतच गेले होते. तिलाही गाठ आली होती, पण ती फुटली आणि ही वाचली. ज्याची गाठ फुटली त्याला साथ पुन्हा शिवत नाही, असं तेव्हा लोक मानायचे. शिवाय तिचा आवाज मोठा होता. सगळा जन्म मेंढ्यांमागं गेलेला. ओढ्याच्या या काठावरून तिनं हाळी दिली की पलीकडच्या रानातला कळप मान वर करायचा, असं सांगतात.

ती पाटलांच्या झोपडीसमोर लांबच उभी राहिली आणि म्हणाली, "रोज सकाळी म्या टेकडीवर चढते. येकेका घराचं नाव घेते. जे धड असतील त्यांनी ओ द्यायची. ज्यांची ओ न्हाई आली, त्यांच्याकडं म्या पाणी घिऊन जाते."

"रोज एक्केचाळीस हाका?" पाटील म्हणाले. "आन् किती दिवस?"

"सरंस्तवर."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. दिवस कासराभर वर आला की ती वर चढायची. पहिलं नाव हैबती पाटलांचं, मग उजव्या अंगानं एकेक करत शेवटी ओढ्याकाठच्या दोन झोपड्या, बाबू शिंप्याची आणि त्याच्या पलीकडची शिवा परटाची. नाव घेतलं की झोपडीतून आवाज यायचा, "ओ! हाओत!" मग पुढचं नाव. सगळी नावं होईपर्यंत माळावर कोणी जातं ओढायचं नाही, रडणाऱ्या पोरांना उराशी घट्ट धरायचे, कुत्र्यांना गप्प करायचे. ओ आली की आजूबाजूच्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. नाही आली की सगळा माळ त्या झोपडीकडं बघायचा, आणि भिवरा घागर कमरेवर घेऊन टेकडी उतरायची.

त्या पहिल्या महिन्यात ती नऊ झोपड्यांत पाणी आणि पेज घेऊन गेली. तीन घरांतली माणसं उठून बसली. बाकीच्या घरांत जे गेले, त्यांचे डोळे तिनं मिटले.

लोकांना तिचं फार कौतुक होतं तेव्हा. टेकडीच्या पायथ्याशी एका शिळेवर रोज कोणी ना कोणी भाकरी ठेवायचं, कोणी दुधाचा तांब्या, कोणी ठेचा. पाटलीणबाईंनी नवं लुगडं ठेवलं. भिवराबाईची भिवराई झाली. साथ सरली की टेकडीवर देऊळ बांधायचं, असं सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून एकमेकांना ओरडून कबूल केलं. असं कबूल करताना काही माणसं रडत होती, असंही सांगतात.

संक्रांतीपर्यंत साथ उतरेल असा लोकांचा होरा होता. संक्रांत आली. साथ थोडी मंदावली, पण गेली नाही. बारा-बारा दिवस कोणी पडायचं नाही, लोक सामान बांधायला घ्यायचे, आणि तेराव्या दिवशी एखाद्या झोपडीत गाठ यायची. मग पुन्हा तेच.

हळूहळू ओ बदलली. हे कोणी ठरवून केलं नाही. आधी दारात येऊन ओ देणारी माणसं आतूनच द्यायला लागली. मग अंथरुणात पडल्यापडल्या. मग घरातला कर्ता पोराला म्हणायचा, तू दे रे. हाका चालू असताना जाती फिरू लागली, आणि जात्याच्या घरघरीत दोनदा-दोनदा नाव घ्यावं लागू लागलं. तिसऱ्यांदा घेतलं की चिडलेला आवाज यायचा, "हाओत म्हणलं ना!"

बाबू शिंपी म्हणजे माळावरचा विनोदी माणूस. सुईदोरा घेऊन दिवसभर बसायचं आणि शंभर पावलांवरच्या माणसाशी ओरडून थट्टा करायची, त्यावरच त्याचा दिवस जायचा. एके सकाळी भिवरानं त्याचं नाव घेतलं, तर तो आतून ओरडला, "मेलो!"

सगळा माळ हसला. किती दिवसांनी हसला होता. पण भिवराला वरून शब्द नीट कळला नाही. ओ नेहमीसारखी नाही एवढंच तिला कळलं. ती घागर घेऊन धावत उतरली. झोपडीशी पोचली तर बाबू दारात बसून काजं करत होता. तिला धापा टाकताना बघून त्याचं हसू जरा ओशाळलं.

"चेष्टा केली, भिवराई."

तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "पानी आनलंय. आता पी."

त्यानं प्यायलं म्हणे. पण दुसऱ्या दिवशी आणखी दोन झोपड्यांतून तसलीच ओ आली.

होळीपर्यंत हसण्याचीही हौस उरली नाही. माळावरचं ऊन, कडब्यातली ढेकणं, तेच शेजारी, तेच तोंड. घरं अर्ध्या कोसावर दिसत होती आणि घरात जाता येत नव्हतं. माणसं कशावरूनही भांडायला लागली. विहिरीवरच्या पाळीवरून दोघांची डोकी फुटली. कोणी म्हणालं, ही गाठ वगैरे काही नाही, दरसालचा ताप आहे, उगाच आपल्याला माळावर आणून बसवलंय. कोणी म्हणालं, नेम फक्त आपल्याला, पाटलांचे गडी तर गावातल्या घरात झोपतात. ते खरंही होतं, असं ऐकलंय.

आणि मग कोणीतरी म्हणालं, हिची हाळीच वाईट. रोज सकाळी एवढ्या मोठ्यानं एकेकाचं नाव घ्यायचं म्हणजे काळाला पत्ता सांगण्यासारखं आहे. जी जी माणसं गेली, त्या सगळ्यांची नावं हिनं घेतली होती.

आता, नावं तर तिनं वाचलेल्यांचीही घेतली होती. पण असलं काही त्या दिवसांत कोणाला सुचलं नाही. पायथ्याच्या शिळेवर भाकरी येईनाशी झाली. एका सकाळी झोपड्यांतून कुठून तरी धोंडा आला आणि तिच्या कपाळाला लागला. तिनं पदर दाबून धरला आणि राहिलेली सगळी नावं घेतली.

त्या दिवशी पाटील टेकडीपाशी आले. "भिवरा, जरा आठ-पंधरा दिवस थांब," ते म्हणाले. "लोक कंटाळलेत."

"म्या बी कंटाळलेय, पाटील," ती म्हणाली. "गळ्यातनं रगत येतंय माझ्या. सकाळ झाली की वाटतं, आज नगं."

"मग कशाला चढतीस?"

तेव्हा तिनं सांगितलं. तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. ती स्वतः तापात होती तेव्हाची गोष्ट, एका पहाटे तिला जाग आली. नवरा आणि पोरगा शेजारी निजलेले दिसले. रात्रभर कण्हत होते, आता कुठं डोळा लागलाय, निजू द्यावं, असं तिला वाटलं. ती तशीच पडून राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिनं पहिल्यांदा बिरूला हाक मारली.

"सकाळीच मारली असती तर वाचले असते असं न्हाई," ती म्हणाली. "पर मला कळलं तर असतं."

पाटील परत गेले. त्यांनी हाळी बंद केली नाही, आणि लोकांनाही काही सांगितलं नाही. तेही थकले होते.

चैत्रात पाटलांच्याच भावकीत लग्न निघालं. मुलीचं वय चाललंय, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत, अशी कारणं झाली. ओढ्याच्या खालच्या अंगाला, माळावरून दिसणार नाही अशा जागी मांडव पडला. गुपचूप करायचं म्हणून ठरलं होतं, पण कोणीतरी वाजंत्री बोलावली. सगळा माळ गेला. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे. पाच महिने ज्यांनी एकमेकांना शिवलं नव्हतं, त्या सख्ख्या बहिणी त्या मांडवात एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सुटेनात, असं सांगतात. पंगती बसल्या. माणसं पोटभर जेवली, पोटभर बोलली. शिवा परीट नवरदेवापुढं पायघड्या घालायला गेला होता, ते त्याचं कामच. भिवराला कोणी बोलावलं नाही. तिनं टेकडीवरून सनई ऐकली.

लग्नानं माणसं नेमांतून जणू सुटलीच. दुसऱ्या दिवशी भिवरानं पाटलांचं नाव घेतलं, ओ आली नाही. पुढचं घेतलं, आली नाही. कोणी कोणाशी ठरवलं होतं की नाही देव जाणे. एकानं दिली नाही म्हणून दुसऱ्यानं दिली नाही, असंच झालं असावं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं झाली आणि माळ गप्प.

भिवरा घाबरली. घागर घेऊन एकेक झोपडी फिरली. प्रत्येक दारात माणसं धडधाकट बसलेली. "मेलो न्हाई अजून, जा," असं म्हणाली. एका बाईनं विचारलं, "आजाऱ्यांच्यात हात घालतीस आन् तीच आमच्या दारात येतीस? तूच आनशील साथ." हे काही अगदीच खोटं म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ती फिरली. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी तिच्यावर कुत्री सोडली.

चौथ्या दिवशी तिनं वर जाऊन एक्केचाळीस नावं घेतली, ओ आली नाही, आणि ती खाली येऊन आपल्या झोपडीत आडवी झाली. पाचव्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशीही.

सातव्या सकाळी नावं घेताना तिची नजर ओढ्याकाठी गेली. शिवा परटाच्या झोपडीबाहेर दोरीवर कपडे वाळत होते. लग्नातल्या पायघड्या, आणि कोणाकोणाची धोतरं. तेच कपडे तिला आदल्या दिवशीही दिसले होते, त्याच्या आदल्या दिवशीही. एक धोतर दोरीवरून सुटून मातीत पडलं होतं आणि त्यावर शेळ्या चालून गेल्या होत्या. परीट माणूस धुतलेला कपडा तीन दिवस उन्हात ठेवत नाही. ती उरलेली नावं न घेताच उतरली.

शिवा जाऊन दोन दिवस झाले असावेत. त्याची बायको ठमा त्याच्या शेजारी, भिंतीशी टेकून. जिवंत होती. लग्नाला दोन वर्षं झालेली पोर. इतकी हळू बोलायची की विहिरीवर बायका तिला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायच्या. घरातला माठ कोरडा होता. भिवरानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, लुगड्याचा पदर भिजवून ओठांवर पिळला. बऱ्याच वेळानं ठमाला बोलता आलं.

"म्या ओ दिली हुती," ती म्हणाली. "रोज."

भिवरानं पदर पुन्हा भिजवला.

"तुमी नाव घेतलं की म्या ओ द्याची. पानी म्हनायची. मोठ्यानं निगंना."

"माझ्यापत्तुर आली न्हाई गं बाई," भिवरा म्हणाली.

दिवस मावळायच्या आत ठमा गेली.

भिवरा तिथून निघाली ती थेट बाबू शिंप्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बाबू आणि त्याची बायको सरू दारातच होते. भिवरानं आरडाओरडा केला नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुमाला ऐकू येत हुतं?"

सरू रडायला लागली. "येत हुतं," ती म्हणाली. "तू फिरायची थांबलीस त्या दिशी म्या ह्यांना म्हणलं बी, ठमा ओ देतीय वाटतं. हे म्हणले, दिऊ दे, आपन न्हाई द्याची. दुसऱ्या दिशी बी आली. मग न्हाई आली. मग मला वाटलं, तिनं बी सोडलं."

भिवरा तिथंच मातीत बसली. आता ही आपल्याला शिव्याशाप देणार, असं त्या दोघांना वाटलं. पण ती म्हणाली, "तुमाला कशाला बोलू. तीन दिस म्या खाली येऊन निजले. ओ न्हाई आली तर म्हणलं, मरू दे. म्या बी म्हणलं, बाबू."

मग तिघांनी मिळून शिवाला आणि ठमाला ओढ्याकाठीच मूठमाती दिली. बाबूनं त्या दिवशी नेमाचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा टेकडीवर चढली. लोक दारात येऊन उभे होते. रात्रीतून सगळीकडं कळलं होतं, आणि रात्रीतूनच सहा झोपड्यांत ताप चढला होता. तिनं तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा. ती वर उभी आणि खाली सगळा माळ तिच्याकडं बघत उभा.

तेव्हा खालून ओढ्याकडून हाक आली. बाबू शिंपी होता. त्यानं तोंडाला दोन्ही हात लावले होते आणि तो त्या मोकळ्या झोपडीकडं वळला होता.

"शिवा परीट!"

कोण ओ देणार. तो थांबला. माणसं सांगतात की तो इतका थांबला की त्याच्या बायकोला वाटलं, हा आता काही पुढं बोलत नाही. मग तो दुसऱ्या अंगाला वळला आणि त्यानं पुढच्या शेजाऱ्याचं नाव घेतलं. शेजाऱ्यानं ओ दिली आणि त्याच्या पुढच्याला हाक घातली. त्यानं ओ दिली, त्याच्या पुढच्याला घातली. अशी ती हाक सगळ्या माळाला वळसा घालून पाटलांपर्यंत गेली. जिथं ओ आली नाही तिथं हाक घालणारा स्वतः उठून त्या दारापर्यंत गेला, लांबून पाणी ठेवलं आणि भिवराला खूण केली. भिवरा टेकडीवर बसून होती. ती उतरली आणि तिकडं गेली.

हाकेनं साथ थांबली असं आमच्याकडं कोणी सांगत नाही. त्या लग्नानं आणखी चौदा माणसं नेली. पाटलांच्या घरातलीही दोन. फक्त त्यानंतर कोणी तहानेनं गेलं नाही. आणि ओ देणं लोकांना आवडायला लागलं असंही नाही. रोज सकाळी कंटाळायचे, जांभया द्यायचे, एकमेकांवर खेकसायचे आणि ओ द्यायचे. मृगाच्या तोंडावर साथ सरली. माणसं घराकडं निघाली तेव्हा कोणी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, इतका त्यांना माळाचा वीट आला होता.

देवळाचं विचाराल तर ते राहूनच गेलं. पेरण्या आल्या, मग पडकी घरं लिंपायची होती, मग पुढचं साल. एकदा पाटलांनी विषय काढला तेव्हा भिवरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नगा बांधू. देऊळ झालं की तुमी नारळ फोडाल आन् जाल." तिचा आवाज पुढं कधी सुटला नाही. ती मेंढ्यांमागं जायची, पण हाळीऐवजी काठी आपटून कळप वळवायची. खूप वर्षं जगली. गेली ती म्हातारपणानं, आणि कोणत्या दिवशी गेली ते कोणाच्या लक्षात नाही.

मी तुम्हाला हे सांगतोय ते काही आमचं गाव फार शहाणं म्हणून नाही. परवाची साथ आली, तेव्हा पहिल्या महिन्यात आम्हीही रोज सकाळी ओट्यावर येऊन एकमेकांची नावं घ्यायचो. दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना डबा आपणच पाठवायचा म्हणून तर भांडणं व्हायची. दुसऱ्या वर्षी तेच लोक म्हणाले, काही नसतं, सगळं उगाच. हाकेच्या जागी मोबाइलवरचा अंगठा आला, आणि मग तोही कोणी टाकेना. माझ्या समोरच्या घरात यशवंत गुरव एकटाच राहतो. दोन दिवस त्याचं दार बंद होतं, आणि मी, ज्यानं ही गोष्ट शंभर माणसांना सांगितली असेल, मी खुर्चीत बसून ते दार बघत होतो. उठावंसं वाटेना. आमची ही म्हणाली, "त्याची ओ आली का?" तेव्हा उठलो. तो वाचला. पण दोन दिवस मी बसून होतो, हेही सांगायला हवं.

मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी गाव माळावर गेलं होतं असं मानतात. आजही त्या सकाळी आमच्या गावात हाक फिरते. ओढ्याच्या बाजूनं सुरू होते आणि आळीआळीनं पुढं जाते. आता निम्म्या घरांना कुलूपं आहेत. त्या घरांची ओ शेजाऱ्यानं द्यायची असते, "पुण्याला हाओत, बरी हाओत," आणि हे खोटं चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी शेजारी त्यांना फोन करून विचारून घेतात. वर्षभर ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं असतं, त्यांनाही तेवढा एक फोन करावा लागतो.

पण सगळ्यात आधी शिवा परटाचं नाव घेतात. ठमाचंही घेतात, ते पुढं कधीतरी बायकांनी सुरू केलं. परटाचं घर आता गावात नाही, त्यांचं नात्यातलंही कोणी उरलेलं नाही. नाव घेऊन सगळे गप्प उभे राहतात. किती वेळ थांबायचं हे कुठं लिहिलेलं नाही. पोरं चुळबुळ करतात, कोणी खोकतं, शाळेत जायला उशीर होतोय असं मास्तर हळूच सांगतात. ज्याच्याकडं पुढची हाक असते तो तोंडाला हात लावतो आणि पुन्हा खाली घेतो. कंटाळा यायला लागतो. तो सगळ्यांना आला की मग आणखी थोडा वेळ थांबतात, आणि पुढचं नाव घेतात.